उणे चिन्हाची जागा

१/८
०.००००४ या संख्येचा लॉग कॅल्क्युलेटरवर काढला, तर पडद्यावर −४.३९७९ उमटते. लॉग टेबल उघडून तोच हिशेब केला, तर उत्तर येते 'बार ५.६०२१'. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मात्र ती एकच कशी, हे ज्या विद्यार्थ्याला सांगता येत नाही, त्याला लॉग समजला असे म्हणणे कठीण.

२/८
स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी लॉगरिदमची कल्पना १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. लंडनच्या ग्रेशम कॉलेजातील हेन्री ब्रिग्ज पुढच्याच वर्षी त्यांच्या भेटीस एडिंबरा येथे गेले. पाया १० असलेल्या पद्धतीवर दोघांचे एकमत झाले आणि १६१७ मध्ये ब्रिग्ज यांनी १ ते १००० या संख्यांचे लॉग १४ दशांश स्थळांपर्यंत छापले.

३/८
या पायाचा लाभ मोठा होता. ४, ४०० आणि ०.००००४ या तिन्ही संख्यांसाठी कोष्टकात एकच दशांश भाग पाहायचा: ०.६०२१. बदलतो तो केवळ पूर्णांक भाग: ०, २ आणि −५. म्हणूनच लहानमोठ्या साऱ्या संख्या एका छोट्या कोष्टकात मावल्या.

४/८
अंकाच्या डोक्यावरची आडवी रेघ, म्हणजे 'बार', हेच सांगते की उणे चिन्ह फक्त पूर्णांक भागाचे आहे. बार ५.६०२१ म्हणजे −५ + ०.६०२१, अर्थात −४.३९७९. तेच चिन्ह सबंध संख्येला लावून −५.६०२१ वाचले, तर मूळ संख्या १६ पटींनी लहान होते.

५/८
१९७२ मध्ये एचपी-३५ ने लॉगची कळ खिशात आणली. १९८५ मध्ये कॅसिओच्या एफएक्स-७०००जी ने आलेख पडद्यावर आणला. श्रम वाचले, हे चांगलेच झाले. नेपियर यांचा हेतूही तोच होता.

६/८
पण १०^(−क्ष) = ०.००००४ हे समीकरण आलेखाने सोडवायला घ्यावे. दोन्ही अक्ष −१० ते १० ठेवले, तर ०.००००४ ची रेषा क्ष-अक्षावरच पडते आणि क्ष १ च्या पुढे जाताच वक्रही त्याच अक्षाला चिकटतो. छेदबिंदू दिसतच नाही. उभ्या अक्षाची मर्यादा ०.०००१ इतकी खाली आणली तरच तो दिसतो; किंवा दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की क्ष = ४.३९७९ सरळ मिळते. उत्तर ४ आणि ५ यांच्या दरम्यान आहे, हे 'बार ५' आधीच सांगत असतो.

७/८
हा नुसता कागदी खेळ नव्हे. १९०९ मध्ये कोपनहेगनमध्ये सोरेन्सन यांनी पीएच मोजपट्टी मांडली, ती ऋण घातांकावरच उभी आहे. द्रावणात हायड्रोजन आयन प्रतिलिटर ०.००००४ मोल असतील, तर पीएच सुमारे ४.४. बार वाचण्यात चूक झाली, तर तोच ५.६ होतो आणि आम्लता एक षोडशांश भासते.

८/८
महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत लॉग टेबलला मुभा आणि कॅल्क्युलेटरला मनाई असते. ही रीत जुनाट वाटेल, आणि कॅल्क्युलेटर वर्गात यायलाच हवा. परंतु संख्या १० च्या कोणत्या दोन घातांमध्ये येते, हे कळ दाबण्यापूर्वी वहीत लिहिण्याची शिस्त त्याच्याबरोबर यावी. यंत्र उत्तर देते. ते विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरवण्याचे काम विद्यार्थ्याचेच राहते.