भ्रूणपेशींचे संशोधन आणि आपला धम्मविचार

पाच-सहा दिवसांचा मानवी भ्रूण नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका सूक्ष्म असतो. शंभर-दीडशे पेशींचा तो एक पोकळ गोळा. त्याच्या आतील बाजूस चिकटलेल्या मूठभर पेशींतून पुढे मज्जातंतू, हृदय, यकृत, रक्त, अस्थी असे सारे शरीर घडत जाते. १९९८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आतल्या पेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. अशा पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करीत राहतात आणि योग्य वळण दिल्यास शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी बनू शकतात. त्यांना भ्रूणीय मूलपेशी असे म्हणतात. त्या मिळविताना भ्रूण मात्र नष्ट होतो. गेल्या पाव शतकाचा वाद उभा आहे तो या वस्तुस्थितीवर.

आपल्या समाजात या विषयावर वाद झालाच नाही; जाहिराती मात्र येऊन पोहोचल्या. 'स्टेम सेल' हा शब्द आज तालुक्याच्या गावीही ऐकू येतो, आणि तो बहुधा काहीतरी विकण्यासाठी उच्चारलेला असतो. या संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेली कितीतरी मुले-मुली आज डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते व प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहेत. निपुत्रिक दांपत्यांना भ्रूणांविषयीच्या संमतिपत्रावर सही करण्याची वेळ येते, तीही आपल्याच नात्यागोत्यात. तेव्हा या प्रश्नाचा विचार धम्माच्या अंगाने करून ठेवणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत हा वाद पहिल्यापासून गर्भपाताच्या राजकारणाशी जखडला गेला. ज्या संशोधनात भ्रूण नष्ट होतो त्यास केंद्र सरकारचा पैसा मिळू नये, अशी तरतूद तेथील काँग्रेसने १९९६ पासूनच केली होती. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मध्यममार्ग म्हणून जाहीर केले, की त्या तारखेपूर्वी तयार झालेल्या पेशीमालिकांवरील संशोधनालाच सरकारी मदत मिळेल. नव्याने भ्रूण नष्ट करून मिळविलेल्या पेशींसाठी नाही. (त्या वेळी पात्र ठरलेल्या पेशीमालिकांच्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र या दोन भारतीय संस्थांची नावे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.) ही मर्यादा सैल करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले, तेव्हा २००६ मध्ये बुश यांनी आपल्या कारकिर्दीत पहिल्यांदाच नकाराधिकार वापरला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याआधीच, २००४ मध्ये, राज्याचे ३ अब्ज डॉलर या संशोधनासाठी उभे करण्याचा कौल दिला होता. २००९ मध्ये बराक ओबामा यांनी बुश यांचे निर्बंध उठविले. गर्भपाताला कट्टर विरोध करणारे सिनेटर ऑरिन हॅच या संशोधनाच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट मला या सर्व गदारोळात सर्वांत बोलकी वाटते. शीतपेटीतील भ्रूण आणि मातेच्या उदरातील भ्रूण यांत त्यांनी फरक केला. म्हणजे पक्ष ठरला की मत ठरले, असे तेथेही सरसकट घडले नाही.

ब्रिटनने निराळी वाट धरली. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची मर्यादा सुचविली आणि १९९० च्या कायद्याने ती बंधनकारक झाली. चौदाच का? कारण साधारण त्या सुमारास भ्रूणात भावी शरीराच्या अक्षाची रेघ प्रथम उमटते. तोवर त्या गोळ्याचे दोन भाग होऊन जुळी निपजू शकतात. मज्जासंस्थेचा मागमूसही नसतो, म्हणून वेदनेचाही प्रश्न नाही. जर्मनीने, नाझी काळातील वैद्यकीय अत्याचारांची स्मृती बाळगून, स्वतःच्या भूमीवर भ्रूण नष्ट करण्यास बंदी घातली; परदेशात आधीच तयार झालेल्या पेशी मात्र अटींसह आयात करू दिल्या. यातील विसंगती जर्मनांनाही टोचत असणार.

आता आपल्या परंपरेकडे वळू. विनयपिटकातील तिसरे पाराजिक मनुष्यवधासंबंधी आहे, आणि तेथे मनुष्यत्वाचा आरंभ मातेच्या उदरात प्रथम चित्त उत्पन्न होते त्या क्षणापासून धरलेला आहे. महावग्गात कुमारकस्सपाचा प्रसंग येतो. त्याची उपसंपदा झाली तेव्हा जन्मापासून मोजता वीस वर्षे भरली नव्हती, म्हणून ती वैध की अवैध अशी शंका निघाली. तथागतांनी वय गर्भधारणेपासून मोजण्यास अनुमती दिली. मज्झिमनिकायातील महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेस तीन गोष्टींचा संयोग लागतो असे म्हटले आहे: मातापित्यांचा समागम, मातेचा ऋतुकाळ आणि गन्धब्बाची उपस्थिती. या आधारांवर डेमियन कीओन यांच्यासारखे बौद्ध नीतिशास्त्राचे अभ्यासक असे मांडतात, की फलनाच्या क्षणापासून भ्रूणाला संरक्षण मिळाले पाहिजे.

हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि ज्यांनी हे ग्रंथ रचले त्यांच्यापुढे काचेच्या बशीतील भ्रूण नव्हता. सुत्तातील तीनपैकी पहिली अट तर परीक्षानळीत पुरी होतच नाही. शिवाय ज्याचे अजून दोन जीव होऊ शकतात, त्यात एक निश्चित 'कोणी' वसलेला आहे असे मानणे अनत्तावादाशी कितपत सुसंगत आहे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याचे देहांतर स्पष्टपणे नाकारले व पुनर्जन्माचा अर्थ देहघटकांच्या नव्या संयोगाच्या भाषेत लावला. त्यांच्या मार्गाने धम्म स्वीकारलेल्या आपल्यासारख्यांना गन्धब्ब केव्हा उतरला याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांचे याहून मोलाचे साहाय्य अहिंसेच्या विवेचनात मिळते. बुद्धाने अहिंसा हा नियम केला नाही, ते तत्त्व म्हणून सांगितले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचारपूर्वक वागण्याचे स्वातंत्र्य देते आणि म्हणून जबाबदारीही देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत त्यांनी केलेला भेद येथे थेट लागू पडतो. वंध्यत्वावरील उपचारात तयार झालेले, दांपत्याला आता नको असलेले भ्रूण शीतपेटीत पडून असतात आणि कालांतराने टाकून दिले जातात. असा चौदा दिवसांच्या आतील भ्रूण, त्या दोघांच्या जाणत्या संमतीने, अन्य मार्गाने न मिळणाऱ्या ज्ञानासाठी वापरला तर तेथे मारण्याची इच्छा आहे असे मी म्हणणार नाही. त्यामुळे अशा संशोधनास माझा पाठिंबा आहे.

'नाहीतरी तो नष्टच होणार होता' एवढ्या एका आधारावर मात्र हा पाठिंबा उभा करू नये. फाशीच्या कैद्यावर प्रयोग करणाऱ्यालाही तोच आधार घेता येईल. संशोधनासाठीच मुद्दाम भ्रूण घडवावा आणि मोडावा, याला माझी संमती नाही. तेथे आरंभापासून चेतनाच निराळी असते. काही उत्साही लेखक या संशोधनाच्या समर्थनार्थ सिवि जातकातील नेत्रदानाचा दाखला देतात. तो राजा स्वतःचे डोळे देत होता, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

बौद्धांनी तर दक्षिण कोरियातील प्रकरण विसरताच कामा नये. सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून, आणि पुढे प्रत्यक्ष रुग्णांच्या जनुकांशी जुळणाऱ्या, मूलपेशी मिळविल्याचा त्यांचा दावा होता. कोरियात त्यांना राष्ट्रवीराचा मान मिळाला. टपाल तिकीटही निघाले. ते स्वतः बौद्ध. बौद्ध असल्यामुळे या संशोधनाला आपला तात्त्विक आक्षेप नाही, जीवनाचे चक्र यातून नव्याने सुरू होते, अशा आशयाचे ते जाहीरपणे बोलत. ख्रिस्ती चर्च विरोधात असताना तेथील बौद्ध समाज मोठ्या संख्येने त्यांच्या पाठीशी राहिला.

मग प्रयोगशाळेतीलच एका माजी सहकाऱ्याने तोंड उघडले. स्त्रीबीजांसाठी पैसे दिले गेले होते. हाताखालच्या तरुण संशोधक स्त्रियांचीही बीजे घेतली गेली होती. पुढे पेशींची आकडेवारी व छायाचित्रेच बनावट निघाली आणि २००६ च्या जानेवारीत दोन्ही निबंध मागे घेण्यात आले. शंभराहून अधिक स्त्रियांकडून दोन हजारांहून अधिक बीजे गोळा झाली होती आणि रुग्णाशी जुळणारी एकही पेशीमालिका हाती नव्हती. स्त्रीबीज मिळविण्यासाठी कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, भूल देऊन सुईने बीजे काढावी लागतात, आणि काहींना त्याचा गंभीर त्रास होतो. ज्या हाताखालच्या मुलीची नोकरी व पदवी प्रमुखाच्या मर्जीवर अवलंबून, तिच्या होकाराला संमती कसे म्हणावे? गोष्ट खरी ठरविताना सांगणाऱ्याचा मान पाहू नका, हे कालामांना सांगितले गेले त्याला अडीच हजार वर्षे झाली. सोलमध्ये मात्र उघडकीस आल्यावरही कितीतरी बौद्ध उपासक ह्वांग यांच्या बाजूने मोर्चे काढीत होते. आपल्याकडेही 'आपला माणूस' म्हटले की प्रश्न विचारणे थांबते.

भ्रूणाच्या दर्जाविषयी पाश्चात्त्य चर्चेत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. बीज देणाऱ्या स्त्रीचा उल्लेख त्या मानाने अगदी कमी आढळतो. आपल्या देशात गरिबीपोटी कोण काय विकायला तयार होते, हे वेगळे सांगायला नको. या बाबतीत आपला २०२१ चा साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा बराच सावध आहे. बीजदात्री स्त्रीला आयुष्यात एकदाच दान करता येते, सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत आणि तिचा विमा उतरवावा लागतो. भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठविता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस द्यावेत, अशी त्यात तरतूद आहे. अशा दान केलेल्या भ्रूणांवर काम करून परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किंड-१ व किंड-२ या पेशीमालिका तयार केल्या आहेत.

पुष्कळजण म्हणतील, आता हा वाद जुना झाला. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या सामान्य पेशींनाच मूलपेशीचे गुण देऊन दाखविले, २०१२ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. पण वाद संपलेला नाही. कंपवातावरील दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात आले. त्यांपैकी जपानची सात रुग्णांवरील चाचणी यामानाका पद्धतीच्या पेशींची होती, तर अमेरिका-कॅनडातील बारा रुग्णांची भ्रूणीय मूलपेशींची. दोन्ही उपचार तूर्त सुरक्षित दिसले. गुण किती येतो हे ठरायचे आहे. थॉमसन यांच्या शोधापासून इथवर यायला सव्वीस वर्षे लागली. भ्रूणीय पेशींची माणसावरील पहिली चाचणी तर २०१० मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी कंपनीने पैशाच्या कारणाने थांबविली होती.

ज्या विज्ञानाची गती अशी सावध आहे, त्याच्या नावाने आपल्याकडे स्वमग्न मुलांच्या, मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलांच्या आईबापांना इंजेक्शनांची 'पॅकेजे' विकली जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूत्रांच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द हेतुपुरस्सर काढून टाकला. २०१७ च्या सूत्रांनुसार रक्ताच्या विकारांसाठी रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण मान्य आहे. बाकी सारे केवळ मंजूर चाचणीतच करावयाचे. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात असतील तर पालकांनी तेथून सरळ परत यावे. शेत विकून केलेल्या अशा उपचारात जी हिंसा आहे, ती मला शीतपेटीतील भ्रूणावर होणाऱ्या हिंसेहून निःसंशय मोठी वाटते.

विदर्भातील आपल्या घरांना सिकलसेल नवा नाही. त्यावर रुग्णाच्याच रक्तजनक मूलपेशींतील जनुकात दुरुस्ती करणारा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. त्यात भ्रूणाचा संबंधच नाही. कोणत्याही धर्ममताला आक्षेप घ्यायला जागा नाही. अमेरिकेत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांहून अधिक, ठेवण्यात आली. आपल्या मुलांना आज मिळते ते हायड्रॉक्सीयुरिया, आणि तेही प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमितपणे मिळावे यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

म्हणून या संस्थेतून बाहेर पडलेल्या आणि आज वंध्यत्व-केंद्रांत काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना एक विनंती आहे. उरलेल्या भ्रूणांविषयीचे संमतिपत्र मराठीत करून घ्या. ते बीज काढण्याच्या दिवशी, भुलीच्या आधी, इतर कागदांच्या गठ्ठ्यात पुढे करू नका. स्वतंत्र दिवशी पतिपत्नींना समोर बसवून ते वाचून दाखवा, आणि 'नाही' म्हटले तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हे त्या बाईंना स्वतःच्या तोंडाने सांगा.