फडावरील प्रेमाची कैफियत

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस येरमाळ्याला गेलो असता, चुन्याच्या रानात येडेश्वरीसाठी खडे वेचून परतणाऱ्या मंडळींत एका वयोवृद्ध गुरुजींची गाठ पडली. आणि बोलणे चोराखळीच्या कलाकेंद्रांवरून ‘पिंजरा’ चित्रपटावर आले, तेव्हा त्यांनी जे मत निःशंकपणे मांडले, ते धाराशिव जिल्ह्यात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. नाचणारणीच्या नादी लागलेल्या विद्वान पुरुषाचा सर्वनाश होतो, हे व्ही. शांताराम यांनी १९७२ साली पडद्यावर सप्रमाण दाखवून दिले, तेव्हा तमाशाची बाजू मांडण्यास आता जागाच उरली नाही, असे ते मत. गुरुजींविषयी मला आदर आहे. परंतु एका चित्रपटाच्या साक्षीवर कलावंतिणींच्या साऱ्या वर्गावरील आरोप शाबीत झाल्याचे मानले जात असेल, तर त्या साक्षीची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

‘पिंजऱ्या’च्या कथेचा सांगाडा मुळात आपल्या मुलखातला नाही. हाइनरिख मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीवरून योझेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी १९३० साली जर्मनीत ‘द ब्ल्यू एंजल’ हा चित्रपट काढला. एमिल यानिंग्ज यांनी त्यात शिस्तप्रिय प्राध्यापक रंगविला आणि मार्लेन डीट्रिच यांनी त्याला भुलविणारी गायिका. तो प्राध्यापक नोकरी घालवून तिच्या कंपनीत विदूषक होतो, आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गातील मेजाला मिठी मारून प्राण सोडतो. गायिकेच्या मनाला त्याचे काहीच वाटत नाही. अनंत माने यांची कथा आणि शंकर पाटील यांचे संवाद घेऊन शांतारामांनी हेच सूत्र फडावर आणले, तेव्हा त्यांना एक मोठा फेरफार करावा लागला: सूड घेण्यास निघालेली, संध्याबाईंनी रंगविलेली नर्तकी चंद्रकला त्या विद्वान मास्तरांना खरोखर जीव लावते. हा फेरफार गुरुजींसारखे टीकाकार विचारातच घेत नाहीत. ज्या स्त्रीवर नाशाचा ठपका ठेवावयाचा, तिलाच दिग्दर्शकाने पश्चात्ताप आणि निष्ठा दिली आहे, आणि डॉ. लागूंनी रंगविलेल्या मास्तरांचा गळा आवळला जातो तो तिच्या पदराने नव्हे. गावाने मास्तरांना मृत समजून त्यांचा पुतळा उभारला आहे, त्या पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून जिवंत माणूस स्वतःच्याच खुनाचा आरोप पत्करतो. माणूस चुकला तर त्याला पोटात घेण्याची सोय ज्या गावाने ठेवली नाही, त्या गावाकडे बोट दाखविण्याचे सोडून आपण नर्तकीकडे का दाखवितो?

आपल्या मातीचा पुरावाच हवा असेल तर तो रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या दप्तरात सापडेल. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मण गृहस्थाने वतनाकडे पाठ फिरवून ढोलकी जवळ केली, पठ्ठे बापूराव हे नाव घेतले, आणि महार समाजातील पवळाबाईला साथीला घेऊन जातीचा बहिष्कार अंगावर ओढवून घेतला. पुढे दोघांचे बिनसले, आणि १९४५ साली बापूराव विपन्नावस्थेत वारले, हे खरे. परंतु त्यांच्या शब्दांना पवळेचा कंठ मिळाला नसता, तर त्या लावण्या वहीतच राहिल्या असत्या. आणि पवळेलाही असा कवी दुसरा मिळाला नसता. याला सर्वनाश म्हणावयाचे असेल, तर तसा नाश आणखी चारदोन कुलकर्ण्यांचा झाला असता तर मराठी भाषा श्रीमंतच झाली असती, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. आपल्या शेजारच्या सोलापूरच्या शाहीर रामजोशींचेही तेच. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी जे प्रेम उभे केले, ते सवाल-जबाबाच्या आणि चालींच्या वाटेनेच वाढत जाते, म्हणून ते पटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मी नाकारीत नाही. या चित्रपटांनी फडाला शृंगाराची झिलई चढविली, असे म्हणतात. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे १९९४ साली प्रसिद्ध झालेले ‘कोल्हाट्याचं पोर’ ज्याने वाचले, त्याला एकट्या बाईच्या पायांवर सारे घर कसे पोसले जाते आणि तिच्या मनाचा विचार घरात कसा कोणीच करीत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. पडद्यावरची नायिका एका पुरुषासाठी झुरते. खरी नर्तकी बहुधा भावांच्या संसारासाठी नाचत असते. हे व्यंग मोठे आहे, आणि त्याचा दोष दिग्दर्शकांनी पत्करला पाहिजे. मात्र त्यावरून फडावर प्रेम नसतेच, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही.

त्याच यात्रेच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, रस्त्यालगतच्या एका कलाकेंद्रात मी बसलो होतो. चाळिशीची एक बाई बैठकीपूर्वी चाळ बांधीत होती. घोट्याला काचू नये म्हणून आधी तिने जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळली आणि तिच्यावर एकेक वेढा घेत गेली. पेटीवर बसलेला गृहस्थ तिच्या जन्माचा सोबती, असे मला सांगण्यात आले. पेटीवाल्याला तेथेही मास्तरच म्हणतात. तिने वेढे घेता घेता एक तान गुणगुणली, आणि आवाज वर चढेना. “आज घसा बसलाय, मास्तर,” ती म्हणाली. मास्तरांनी मान वर केली नाही, काही विचारलेही नाही. नेहमीच्या काळी पाचवरचे बोट उचलून त्यांनी काळी चार धरली, ढोलकीवाल्याला नुसती खूण केली, आणि तो हातोडी घेऊन नवा सूर मिळवू लागला. बाईने त्या सुरात पुन्हा तीच तान घेतली, ती या वेळी सहज लागली, आणि तिने चाळाची शेवटची गाठ मारली.