दिसत नाही? नक्की कुणाला?

"ड्राइव्ह दिसत नाही? लिनक्स आहे ना, मग असंच होणार. फॉरमॅट मारा आणि विंडोज टाका."

गेल्या महिन्यात दुरुस्तीवाल्याने हे निदान केलं, तेव्हा त्याने संगणकाचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

आमच्या घरी एक सीडी आहे. २००६ साली आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मामाने रेकॉर्ड केल्या आणि त्यांच्या एमपी३ फाइली तिच्यावर उतरवल्या. आजी आता नाही आणि सीडीची दुसरी प्रतही नाही. लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, म्हणून माळ्यावरचा डेस्कटॉप काढला, तर त्याची डीव्हीडी ड्राइव्ह गायब!

'फॉरमॅट मारा' हा आपल्याकडचा सर्व रोगांवरचा काढा. पोट दुखलं तरी तोच, पाय मुरगळला तरी तोच. अहो, पण फॉरमॅटने हार्ड डिस्क पुसली जाते. ड्राइव्हची वायर सुटली असेल तर ती फॉरमॅटने कशी जोडली जाणार?

'दिसत नाही' म्हणजे नक्की कुणाला, एवढंच विचारायचं असतं. बायोसला दिसत नसेल तर लिनक्सवर राग काढण्यात अर्थ नाही, कारण लिनक्स तोवर सुरूच झालेलं नसतं. मग वायर बघा, वीज पोचते का बघा, बायोसमध्ये ते पोर्ट बंद तर नाही ना ते बघा. बायोसला दिसते पण कर्नलला नाही, तर 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन कर्नलची नोंदवही वाचा. आणि कर्नलला दिसते, फक्त पडद्यावर सीडीचं चित्र येत नाही, तर ड्राइव्ह ठणठणीत आहे. घोळ माउंटिंगचा, परवानगीचा नाहीतर खुद्द सीडीचा. गाण्यांच्या ऑडिओ सीडीवर तर फाइल सिस्टिमच नसते. ती माउंट होत नाही म्हणून लोक ड्राइव्हला शिव्या घालतात!

आता थोडं आपल्या गोटातल्यांबद्दलही. माझ्या एका लिनक्सभक्त मित्राने फोनवरच फर्मावलं, "एफएसटॅबमध्ये एचडीसी लिही, होईल." अरे बाबा, एचडीसी हे नाव जुन्या आयडीई ड्रायव्हरच्या काळातलं. साटा ड्राइव्हला कर्नल 'एसआर०' म्हणतं, आणि तो जुना ड्रायव्हर तर २०२१ साली कर्नल ५.१४ मधून काढूनच टाकला. दुरुस्तीवाला न बघता बोलला, हा पाठ केलेलं बोलला. माझ्या लेखी दोघे सारखेच. उलट मित्राचा राग जास्त आला, कारण आतलं सगळं उघडून बघता येतं म्हणून तर आपण लिनक्स वापरतो ना?

शेवटी बायोस उघडलं. यादीत ड्राइव्ह नव्हतीच, म्हणजे लिनक्स निर्दोष! झाकण काढलं, साटाची डेटा वायर बदलली, संगणक पुन्हा सुरू केला आणि डीमेसेजमध्ये एसआर० ची ओळ आली. हुश्श!

सीडीवर ओरखडे होते, म्हणून फाइली थेट ओढत बसलो नाही. 'डीडीरेस्क्यू'ने सबंध सीडीची प्रतिमा काढली. हे अवजार आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतं आणि अवघड जागांकडे मागाहून परत येतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी चालतं. रात्रभर चालू ठेवलं. दोन ओव्या तुटक आल्या, बाकीच्या वाचल्या.

दुरुस्तीवाल्याचं ऐकलं असतं तर त्या डेस्कटॉपवरचे जुने फोटो पुसले गेले असते आणि ड्राइव्ह तरीही दिसली नसती. मग मी काय म्हणालो असतो? "जुनं झालं, टाकून द्या." सीडीसकट.

असो. तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेलच. ड्राइव्ह चालते आहे तोवर प्रत काढून ठेवा. आणि नाहीच चालली, तर फॉरमॅट मारण्याआधी निदान झाकण उघडा.