खाट, प्राणवायू आणि माणूस

२३ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांच्या कोविड रुग्णालयाचे उद्घाटन झाले. सहाशे खाटांना प्राणवायूची सोय, दोनशे खाटा अतिदक्षता विभागाच्या, आणि हे सारे मोकळ्या मैदानावर अवघ्या काही आठवड्यांत उभे केलेले. पाहणाऱ्याने थक्क व्हावे असेच ते काम होते. परंतु पहिल्या पंधरवड्यातच त्या मांडवाखालचे दैन्य उघडे पडले. डॉक्टर अपुरे, परिचारिका अपुऱ्या, आत गेलेल्या रुग्णाची खबरबात दारात ताटकळणाऱ्या नातेवाइकांना मिळेना. एका तरुण पत्रकाराला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे तर सुसज्ज रुग्णवाहिका वेळेवर आली नाही आणि तो दगावला. कारभार ज्या खासगी संस्थेच्या हाती दिला होता तिला दूर करून नवी व्यवस्था लावावी लागली. पुढे तेथे शेकडो रुग्ण बरे होऊन घरी गेले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण सुरुवातीच्या त्या दिवसांत जे चुकले ते अपघाताने चुकले नव्हते. खाटांची योजना झाली होती. खाटेशेजारी कोणी उभे राहायचे याची झाली नव्हती.

त्या काळात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, गोरेगावात, वरळीत, मुलुंडात, दहिसरला अशीच मोठी केंद्रे उभी राहिली आणि साथ ओसरल्यावर ती उतरवली गेली. त्यांतील काही कंत्राटांच्या चौकशा पुढे गाजल्या. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि मांडवाबरोबर अनुभवही गुंडाळून ठेवला गेला. राज्यकर्त्यांनी त्यातून एकच धडा घेतलेला दिसतो: वेळ आली की मैदान आहे, कंत्राटदार आहे, काही दिवसांत हजार खाटा टाकता येतात. हा धडा चुकीचा आहे, आणि पुढची साथ आल्यावर त्याची किंमत राज्यकर्त्यांना नव्हे, तर पाड्यावरच्या आणि चाळीतल्या माणसाला मोजावी लागणार आहे.

आणीबाणीचे उपचारकेंद्र म्हणजे छोटे रुग्णालय नव्हे. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने तीन पायऱ्या ठरवून दिल्या होत्या: सौम्य रुग्णांसाठी काळजी केंद्र, मध्यम आजाराच्या रुग्णांसाठी प्राणवायूची सोय असलेले आरोग्य केंद्र, आणि गंभीर रुग्णांसाठी पूर्ण सज्ज रुग्णालय. कागदावरची ही विभागणी शहाणपणाची होती. पहिल्या पायरीवर माणसाला वेगळे ठेवायचे, त्याचा श्वास व रक्तातील प्राणवायू दिवसातून अनेकदा पाहायचा, आणि घसरण दिसताच वेळ न दवडता वरच्या पायरीवर न्यायचे. वस्तीजवळच्या केंद्राचे सारे मोल या ‘वेळ न दवडता’मध्ये आहे. मोठी केंद्रे महानगरांत उभी राहिली तेव्हा तालुक्याच्या गावी पहिली पायरी म्हणून वसतिगृहाच्या खोल्यांत गाद्या अंथरल्या गेल्या. मधल्या पायरीचा बहुतेक ठिकाणी पत्ता नव्हता. गादीवरून माणूस थेट जिल्ह्याच्या गावी धाडला जाई, आणि तोवर अनेकदा उशीर झालेला असे.

ही मधली पायरी बांधायला काय लागते याचा हिशेब कठीण नाही. तीस खाटांचे एक केंद्र घ्या. सहा रुग्णांमागे एक परिचारिका धरली तर एका पाळीला पाच, तीन पाळ्यांना पंधरा. प्रत्येकीला आठवड्याची एक सुट्टी द्यायची म्हटले की अठरा. साथीच्या काळात परिचारिकाही आजारी पडतात, हे लक्षात घेतले तर वीसच्या खाली भागत नाही. तीस खाटा एका दुपारी आणता येतात. वीस परिचारिका एका दुपारी तर नव्हेच, एका वर्षातही घडवता येत नाहीत. प्राणवायूचेही तसेच. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर प्राणवायू मावतो. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो सिलिंडर बारा तासांच्या आतच रिकामा होतो. असे दहा रुग्ण म्हणजे दिवसाला वीस सिलिंडर. ते भरून आणणारी गाडी, तिचा चालक, भरण्याचे केंद्र आणि घाटरस्ता यांचा विचार ज्या योजनेत नाही तिला योजना म्हणता येत नाही. हवेतून प्राणवायू वेगळा करणारी छोटी यंत्रे उपयोगी आहेत खरी, पण ती विजेवर चालतात, आणि ग्रामीण महाराष्ट्राला विजेबद्दल काही सांगायला नको.

प्राणवायूचा विचार वेळेवर झाला तर काय होते याचे उदाहरण नंदुरबार या आदिवासी जिल्ह्याने घालून दिले. पहिली लाट ओसरत असताना इतरत्र हायसे वाटून सारे स्वस्थ बसले होते. तेथे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प शासकीय व खासगी रुग्णालयांत उभे करवून घेतले. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून रेल्वेने प्राणवायूचे टँकर महाराष्ट्रात आणण्याची पाळी आली, तेव्हा राज्यातल्या मागासलेल्या जिल्ह्यांत गणला जाणारा हा जिल्हा आपल्या पायावर उभा होता. नाशकात त्याच महिन्याच्या २१ तारखेला एका रुग्णालयातील टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला दहा नवजात बालके आगीत दगावली, एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटले. जेथे प्राणवायू साठवतात तेथे ठिणगी किती महाग पडते हे कोणालाही ठाऊक असते. पण वायरमन आणि देखभालीचा तंत्रज्ञ ही पदे आरोग्य खात्याच्या दृष्टीने किरकोळ, म्हणून ती रिकामी ठेवली तरी कोणाला सल वाटत नाही.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे, आणि तो अधिक जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. पुढील फेब्रुवारीत अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा झाला. घरात शिरण्याचे, माणसाला उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार सरकारने घेतले. पुण्यात सोजिरांनी घरोघर जे केले त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवधात झाली, हा इतिहास शाळकरी मुलालाही माहीत असतो. त्याच पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. ज्यांना कोणी शिवत नसे अशांना सावित्रीबाईंनी स्वतः तेथे आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. सरकारी छावणीच्या नावाने लोक घरातली प्रेतेही लपवत असताना या माळावर रोगी येत होते. छप्पर दोन्हीकडे जेमतेमच होते. तो १८९७ चा कायदाच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला गेला. त्यात पुढे सुधारणा झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यापुरती. आजारी माणसाला उपचार मिळवून देण्याचे बंधन सरकारवर घालणारा शब्द त्यात तेव्हा नव्हता आणि नंतरही आला नाही.

विश्वास म्हणजे गोड बोलणे नव्हे. तिला एक रोकड बाजू असते आणि मध्यमवर्गीय नियोजनकारांना ती दिसत नाही. रोजंदारीच्या माणसाला चौदा दिवस केंद्रात राहा म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे चौदा दिवसांची बुडालेली मजुरी उभी राहते. बाईला पोरे आणि म्हैस दिसते. कोकणात २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत ठेवले गेले. जेथे ग्रामपंचायतीने जेवणाखाण्याची, पाण्याची, शौचालयाची नीट सोय केली तेथे लोक राहिले, जेथे केली नाही तेथे भावकीत भांडणे झाली. बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि घरच्या गुराढोरांची तजवीज या बाबी औषधांच्या यादीइतक्याच उपचारकेंद्राच्या अंदाजपत्रकात असल्या पाहिजेत. त्या नसल्या तर लोक ताप लपवतात. मग साथीला कोणी आवरू शकत नाही.

धारावीने या बाबतीत बरेच शिकवले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरात लाखो माणसे, आणि अनेक कुटुंबांना मिळून एक शौचालय. तेथे ‘घरातच वेगळे राहा’ हा उपदेश म्हणजे थट्टा होती. महापालिकेने शाळा, क्रीडासंकुल, निसर्गउद्यान ताब्यात घेऊन वस्तीला लागूनच सोय केली, आणि वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना तपासणीत घेतले. आई चालत जाऊन दाराशी डबा देऊ शकते इतक्या अंतरावर मुलगा आहे, हे कळल्यावर मुलगा जायला तयार होतो. अंतर हे असे औषध आहे.

केरळात हेच अधिक पद्धतशीरपणे घडले. साम्यवाद्यांशी समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत आणि ते येथे उगाळण्याचे कारण नाही. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेने तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायतींच्या हाती गेली होती. म्हणून २०२० मध्ये प्रथम पातळीची उपचारकेंद्रे उघडायची वेळ आली, तेव्हा इमारत शोधणे, स्वयंसेवक जमवणे, कुटुंबश्रीच्या बायकांकडून स्वयंपाक चालवणे हे पंचायतींना नवे नव्हते. आपल्याकडे पारनेर तालुक्यात भाळवणी येथे स्थानिक आमदारांच्या पुढाकाराने आणि लोकवर्गणीतून मोठे मोफत केंद्र चालले. ते कौतुकास्पद होते. पण एका व्यक्तीच्या कर्तबगारीवर उभी राहिलेली गोष्ट शेजारच्या तालुक्याला मागून मिळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे अर्थशास्त्राचे नाव घेतात: शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या संकटासाठी खाटा, यंत्रे, माणसे रिकामी बसवून ठेवणे हा अपव्यय आहे. हेच तर्कशास्त्र धान्याला लावले असते तर अन्न महामंडळाची कोठारे केव्हाच विकावी लागली असती. राखीव साठ्याची किंमत तो वापरात नसतानाच मोजायची असते. शिवाय ही माणसे रिकामी बसणार तरी कोठे? पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो, बारमाही सर्पदंश आणि बाळंतपणे आहेतच. १९४६ साली भोर समितीने दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय हे दूरचे उद्दिष्ट सांगितले होते. आजच्या निकषांत तीस हजार वस्तीमागे, आदिवासी भागात वीस हजारांमागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र येते आणि त्यात खाटा असतात सहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये, म्हणजे साथीच्या ऐन काळात, सरकारी खर्च १.८४ टक्के होता. अपव्यय होण्याइतकी सुबत्ता या खात्यात कधी आलीच नाही.

खासगी रुग्णालयांवर भिस्त ठेवू म्हणणाऱ्यांना मे २०२० ची आठवण द्यावी लागेल. ऐंशी टक्के खाटा सरकारी दराने ताब्यात घेण्याचा आदेश काढावा लागला तो त्यांच्या औदार्यामुळे नव्हे.

आणि ज्या बायकांनी घरोघर जाऊन ताप मोजला, प्राणवायूचे आकडे लिहिले, रुग्णाला केंद्रापर्यंत आणले, त्या सुमारे सत्तर हजार आशांना जून २०२१ मध्ये, दुसरी लाट पुरती सरली नसताना, मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. सरकारच्या लेखी त्या कामगार नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत. उपचारकेंद्राचा पहिला कर्मचारी ज्या दिवशी कायम पगारावर येईल, त्या दिवशी नियोजनाला आरंभ झाला असे म्हणता येईल.

दोष केवळ सरकारला देऊन भागणार नाही. त्या दोन वर्षांत पुरोगामी म्हणवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही शिधा वाटला, मुखपट्ट्या वाटल्या, गाद्या असलेल्या आणि परिचारिका नसलेल्या केंद्रांच्या फिती कापण्याच्या समारंभांत छायाचित्रे काढून घेतली. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊन ‘प्राणवायू कोठून येणार’ असे विचारणारे थोडेच होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांना आरोग्यापोटी ७०,०५१ कोटी रुपये सुचवले होते. आपल्या गावच्या वाट्याला त्यातले काय आले आणि कशावर गेले, हे किती शाखांनी तपासले?

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. त्यांतल्या येत्या सभेत मांडण्यासाठी प्रत्येक शाखेने एक कागद तयार करावा. गावातली कोणती इमारत घेता येईल, तिला पाणी, शौचालय, दोन दरवाजे आणि स्वतंत्र वीजजोडणी आहे का; निवृत्त परिचारिका, सैन्यातून परतलेले आरोग्यसेवक, औषधविक्रेते कोण आहेत; सर्वांत जवळचा प्राणवायूचा स्रोत किती मैलांवर आहे आणि पावसाळ्यात तो रस्ता चालू असतो का; आशांचे मानधन किती महिन्यांचे थकले आहे. शहरातल्या शाखांनी हेच प्रभागाप्रमाणे करावे. तालुक्याचे कागद एकत्र करून जिल्हा नियोजन समितीपुढे न्यावेत आणि अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष मागावे. इमारत शाळेची असेल तर शिक्षक व पालक यांच्याशी आधी बोलावे, कारण २०२० मध्ये वर्ग रिकामे करून घेतल्यावर बाके कोठे गेली याचा हिशेब अनेक गावांत अजून लागलेला नाही.