तात्या किरकोळ खर्चात

व्हाउचरवर लिहिलं होतं : 'कारागीर मजुरी, किरकोळ खर्च.' खाली तात्याची सही. सही करताना तात्या जीभ दातात धरतो. वेल्डिंग करताना मात्र गाणं म्हणतो.

दोस्तांनो, हा माझा चुलता. श्रीपूरचा. माळशिरस तालुक्यातलं आमचं गाव, उसाचं आणि चिमणीचं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. त्यातल्या एकावर तात्यानं हंगामी म्हणून सारी उमर घातली. बॉयलर पेटला की कामावर, पट्टा पडला की घरी. मिलच्या रोलरचा आवाज बदलला की डोळे झाकून सांगायचा, अमकं बेअरिंग गरम झालंय बघा. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही नापास. आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून यायची. तात्याच्या हाताखाली होल्डर धरायला शिकायची, टाका कसा बसतो ते बघायची, हात भाजून घ्यायची. आणि पाच-सात वर्षांनी त्यातलंच एखादं पोरगं खुर्चीवर बसून तात्याची हजेरी मांडायचं. तात्याला त्याचा राग नव्हता. 'आपल्या हाताखालचं पोरगं हाय,' म्हणायचा. मला होता. अजून आहे.

मागं एका शाळेनं त्याला बोलावलं. शाळेचं नाव सांगत नाही, तात्याला त्याच वाटेनं बाजारला जावं लागतं. 'दप्तराविना दिवस' होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही गोष्ट आहे : सहावी ते आठवीच्या पोरांनी कधीतरी दहा दिवस दप्तर घरी ठेवायचं आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा गावातल्या जाणकारांकडे काम शिकायचं. तात्या धुतलेला सदरा घालून गेला. सोबत हँडशिल्ड, दोन पाइपचे तुकडे, चार रॉड. पोरांना आधी काच डोळ्यांसमोर धरायला शिकवली, मग ठिणगी दाखवली. लोखंड पाण्यासारखं कसं होतं, ते कुठं थांबवायचं, टाक्यावरचा मळ ठोकून काढल्यावर खाली काय दिसलं पाहिजे. दोन तास एक पोरगं जागचं हललं नाही. एका पोरीनं विचारलं, 'मामा, आतून भेग राहिली तर वरून कसं कळायचं?' तात्या म्हणाला, 'हे इचारणारी तू पहिली. आमच्या साहेबानंबी कधी इचारलं न्हाय.'

मग शाल, नारळ, फोटो. मग ते व्हाउचर. तात्यानं भीत भीत विचारलं, दर आठवड्याला येऊ का? कारकुनानं विचारलं, पात्रता काय?

इथं येऊन माझा लेख सुरू होतो.

ज्या कागदात दप्तराविना दिवस आहे, त्याच कागदात पुढं आणखी एक ओळ आहे. ती फारसं कोणी वाचत नाही. गावातल्या नामांकित जाणकारांना शाळेत 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून नेमता यावं, त्यांच्यासाठी डाएटमध्ये किंवा शाळा-संकुलात छोटे शिक्षक-प्रशिक्षण वर्ग काढावेत. शेती, संगीत, सुतारकाम, इतर व्यवसाय, सगळं त्यात आलं. सोलापूर जिल्ह्याचं डाएट आमच्याच तालुक्यात, वेळापूरला. श्रीपुरातून एसटीनं जावं आणि दुपारच्या भाकरीला परत यावं, इतक्या वाटेवर. म्हणजे कायद्यानं आभाळ कोसळायचं कारण नाही. हातात कसब आहे त्याची परीक्षा घ्या, शिकवायचं कसं ते महिना-दोन महिने शिकवा, प्रमाणपत्र द्या आणि वर्गावर उभं करा.

परीक्षा कशी घेणार, हा प्रश्न मोठ्या तोंडानं विचारतात. अरे, कारखान्यातला बॉयलर बघा. १९२३ च्या कायद्यापासून या देशात बॉयलर वाऱ्यावर सोडलेला नाही. वाफेशी खेळणाऱ्या माणसाचा अनुभव मोजतात, त्याची परीक्षा घेतात, त्याला बॉयलर अटेंडंटचं सक्षमता प्रमाणपत्र देतात, आणि ते नसेल तर बॉयलरजवळ उभं करत नाहीत. कारण बॉयलर फुटला तर मालकाचंही नुकसान होतं. अनुभव मोजायची अक्कल सरकारला आहे, शंभर वर्षांपासून आहे. तात्याच्या बाबतीत ती वापरायची गरज पडली नाही एवढंच.

जर्मनीत मिस्त्रीला 'मायस्टर'ची परीक्षा असते. तिच्या चार भागांतला एक भाग फक्त शिकवण्याचा : शिकाऊ पोराला काम कसं समजावून द्यायचं. ती पास झालेला सुतार पोरं तयार करतो आणि त्याला 'पात्रता काय' म्हणून कोणी विचारत नाही. आपल्या धोरणाच्या कागदातच आकडे छापलेत. बाराव्या योजनेच्या अंदाजानं १९ ते २४ वयातल्या भारतीय कामगारांपैकी ५ टक्क्यांनाही रीतसर व्यवसाय शिक्षण नाही; जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. हे पाच टक्के वाचून आम्हाला हसू येतं. बाकीचे पंचाण्णव काय आईच्या पोटातून शिकून आले? त्यांना कोणीतरी तात्यानंच शिकवलं. तात्याची नोंद नाही म्हणून त्यांची नोंद नाही.

मी स्वतः मॅट्रिक. गोदीत कंत्राटावर आहे. भूमिती मला मास्तरांनी फळ्यावर शिकवली, काठावर पास झालो. तीच भूमिती मुकादमानं दुसऱ्यांदा शिकवली, डोक्यावर लटकलेल्या लोखंडाच्या गठ्ठ्यानं. दोन पायांची स्लिंग जितकी फाकेल तितका वायरवर ताण. एकशेवीस अंशांत फाकली की प्रत्येक पायावर अख्ख्या मालाइतकं वजन येतं. मुकादमाला अंश माहीत नव्हते. तो दोन बोटं फाकून दाखवायचा आणि म्हणायचा, 'एवढं झालं की आईला चिठ्ठी लिही.' त्या दिवसापासून त्रिकोण माझ्या डोक्यातून गेला नाही. मधे एकदा कंत्राटदारानं सेफ्टी ट्रेनिंगवाला आणला. इस्त्रीचा टी-शर्ट, पडद्यावर चित्रं. हॅचमध्ये उतरायची वेळ आली तेव्हा म्हणाला, 'तुम्ही या जाऊन, मी इथं थांबतो.' प्रमाणपत्रावर सही मात्र त्याची.

आता दुसरी बाजू. ती आपल्याच घरातली आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलायला पाहिजे.

तात्याची गोष्ट मी फुशारकीनं आईला सांगितली. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, 'आरं, तुला शाळेत घातला ते हातातलं हत्यार सुटावं म्हणून. आता शाळेतबी हत्यारच देणार हायत व्हय? मग आमच्या पोरांस्नी कुठलं देतील, सांगू का? खराटा.'

मी गप्प बसलो. कारण आई चूक बोलत नव्हती. आमच्या पिढीतल्या कितीजणांनी शाळेत खराटा धरलाय, विचारा वस्तीत. आणि बलुत्याची आठवण या मातीत अजून ओली आहे. १९५३ साली मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी योजना काढली : पोरांनी अर्धा दिवस शाळेत जायचं, अर्धा दिवस घरी बापाचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या पोरानं मडकं, न्हाव्याच्या पोरानं वस्तरा. लोकांनी तिला कुलकल्वी म्हटलं, कुळाचं शिक्षण. पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली. हा इतिहास तिथली माणसं विसरलेली नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची विश्वकर्मा योजना आली : अठरा धंदे, पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. तमिळनाडू सरकारनं २०२४ मध्ये तिला नकार दिला. धंदा कुळाचाच असावा, ही अट काढा म्हणाले, आणि जातीचं बंधन नसलेली आपली वेगळी योजना काढली. अठरा धंद्यांची ती यादी वाचताना मलाही गावगाड्याचा वास आला. लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट... बलुतेदारांची हजेरीच. प्रमाणपत्र हातात, जात गळ्यात.

म्हणून कोणी उठून 'कारागिरांना शाळेत आणा' म्हणालं की टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, कोणाच्या पोराला कुठलं काम शिकवणार?

कसब काही नुसतं बोटात नसतं. हात कुठं लावू देतात आणि कुठं नाही, त्यावर ते ठरतं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नव्हते. का? धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. जास्त पगार साचेखात्यात. आपल्या माणसाला विणता येत नव्हतं असं नाही, शिकूच दिलं नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. पुढं १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी तांत्रिक शिक्षण मागितलं, सरकारी छापखान्यात आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपली पोरं शिकाऊ म्हणून घ्या म्हणाले. बघा, कुठलं काम मागितलं. छापखाना. रेल्वे. बापजाद्यांचं दोरखंड आणि कातडं मागितलं नाही.

आणि फुले? १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीरावांनी लिहून दिलं की प्राथमिक शाळांचे मास्तर शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करा. पोरांत मिसळणारा, त्यांची गरज ओळखणारा, आणि वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. तात्याची पात्रता काय, या कारकुनाच्या प्रश्नाचं उत्तर जोतीरावांनी आधीच देऊन ठेवलं होतं. कारकुनाचा दोष नाही म्हणा, ते त्याच्या परीक्षेला नव्हतं.

आई आणि जोतीराव, दोघांचं मला पटतं. म्हणून माझं म्हणणं असं. कारागीर शाळेत यावाच, पण मास्तर म्हणून. हजेरीपटावर त्याचं नाव, स्टाफरूममध्ये खुर्ची, महिन्याचा पगार. आज शाळांतून व्यवसाय शिकवणारे कितीतरी जण मधल्या कंपनीमार्फत कंत्राटावर आहेत. त्या रांगेत सर्वांत शेवटी तात्याला उभं करायचं असेल तर राहू द्या. परीक्षा मराठीत, तोंडी आणि हातानं. त्याला निबंध लिहायला लावू नका, टाका मारायला लावा आणि तो टाका का टिकला ते पोरांना सांगायला लावा. ज्याला काम येतं पण सांगता येत नाही, त्याला खुशाल नापास करा. असेही मिस्त्री मी पाहिलेत, शिव्या घालण्यापलीकडे ज्यांना शिकवणं ठाऊक नाही, पोराच्या हातातून पाना हिसकावून स्वतःच नट आवळणारे. पोरांना मारणाऱ्याला तर दारातच अडवा.

आणि काम सगळ्या पोरांना सगळं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून हेच करून दाखवलं. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, स्वयंपाक हे सगळं एकाच पोरानं शिकायचं, आणि त्यातलं काम गावाच्या उपयोगाचं असायचं. त्यांचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत पोचला. म्हणजे हे स्वप्न नाही. आमची भर एवढीच : कुठल्याही पोराला पहिलं काम त्याच्या बापाचं देऊ नका. हेडमास्तरांचा पोरगा चामडं शिवायला बसू दे. चेअरमनच्या नातवानं गटाराचा उतार काढावा, लेव्हल ट्यूब धरून. आमच्या वस्तीतल्या पोरीला लेथ द्या, मल्टीमीटर द्या. हलगी शिकवायची असेल तर पाटलाच्या वाड्यातल्या पोराच्या गळ्यात अडकवा, आणि वाजवणाऱ्याला गुरुजी म्हणायला लावा. मग किती पालक शाळेत भांडायला येतात ते मोजा.

आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'लिवलंस बरं. पन त्या पोरीचं काय झालं?'

कुठल्या?

'भेगंचं इचारलं ती.'

मला माहीत नव्हतं. तात्याला फोन लावला. तो म्हणाला, तिचा बाप ऊसतोडीला असतो, पट्टा पडल्याशिवाय ती पुन्हा शाळेत दिसायची नाही. मग जरा थांबून म्हणाला, 'वेळापूरला तोंडी परीक्षा कधी ठेवली तर कळव. चष्म्याचा नंबर बदललाय, आधी तेवढा करून घेतो.'