यार्डातल्या गाड्यांची धुलाई: स्वस्त दर डीलरला महाग का पडतो?

उन्हाळ्यात पुण्या-नागपुरातल्या डीलरच्या यार्डात उभ्या असलेल्या नव्या गाड्यांवर धूळ साचते. मग टेम्पोत टाकी आणि पंप घेऊन मोबाइल वॉशवाला यार्डातच येतो.

पहिलं गणित पाण्याचं. मिनिटाला 15 लिटर सोडणारा पाइप 10 मिनिटं चालला, तर एका गाडीला 150 लिटर लागतात. म्हणजे 100 गाड्यांना 10 हजार लिटरचे दीड टँकर! मिनिटाला 7 लिटरचा प्रेशर वॉशर 3 मिनिटं चालवला, तर 21 लिटरच पुरतात. 500 लिटरच्या टाकीत 23 गाड्या होतात. बंगळुरूत मार्च 2024 मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, दंड 5 हजार रुपये. ही वेळ इथेही येऊ शकते.

दुसरं गणित घाईचं. गाडीमागे कमीत कमी दर ठरला, की कामगार कोरड्या फडक्याने धूळ पुसतो आणि नव्या रंगावर ओरखडे उठतात. उन्हात शॅम्पू वाळला, तर डाग राहतात.

त्यामुळे डीलरने करारात दराआधी पद्धत लिहावी: काम सकाळी, आधी पाण्याने धूळ उतरवणं, मग स्वच्छ मायक्रोफायबर. ओरखड्याचा पॉलिशिंग खर्च कोणाचा, तेही लिहावं. तो भार एकट्या कामगारावर टाकणं मात्र अन्यायाचं ठरेल. घाई त्याची नसते, दराची असते.