बिनआकारी पड आणि कालवफोड्या

गेल्या पौष वद्य तृतीयेस सकाळीं मी आक्षीच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलों होतों. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको. तृतीयेची भरती सव्वादोनची. अर्थात् सकाळीं आठच्या सुमारास पाणी पार मागें हटून गाळाचें मैदान उघडें पडलें होतें. तेथें कुरवांच्या थव्यापासून अंतर राखून एकच पक्षी चरत होता. डोकें व पाठ काळीभोर, पोट पांढरें शुभ्र, पाय गुलाबी आणि चोंच गाजरासारखी तांबूस, लांब व सरळ. यास कालवफोड्या म्हणतात. हा आपल्याकडे विरळा. मीं तो आयुष्यांत दुसऱ्यांदाच पाहिला.

अर्धा तास वाळूवर बसून मीं त्याचें काम पाहिलें. शिंपला किंचित् उघडा दिसला कीं चोंच आंत खुपसून तो मिटून धरणारा स्नायु तोडावयाचा, नाहींतर कवच ठोकून फोडावयाचें, अशा या जातीच्या दोन रीती आहेत. ठोकणाऱ्याची चोंच बोथट होते व खुपसणाऱ्याची अणकुचीदार राहते. झिजते तशी ती वाढतहि असते. आपल्या विळ्याकोयत्यांस ही सोय नाहीं! थोड्या अंतरावर गांवच्या दोन बायका तिसऱ्या वेंचीत होत्या. त्यांस पक्ष्याची व पक्ष्यास त्यांची कांहींच अडचण नव्हती. अडचण झाली ती पर्यटकांच्या मोटारीची. ती ओल्या वाळूवरून धांवत आली, आणि पंखांवरील पांढरी पट्टी दाखवीत पक्षी ओरडत खाडीकडे निघून गेला.

आपल्याकडे हिंवाळ्यांत येणारे हे पक्षी रशिया-कझाकस्तानांतील नद्यांच्या कांठीं अंडीं घालतात. एवढा पल्ला मारून ते ज्या भूमीवर चरावयास उतरतात, तिची दप्तरीं किंमत काय? महसूल खात्यांत असतांना अशा जागेपुढें "बिनआकारी पड" हे शब्द मीं स्वहस्तें किती वेळां लिहिले याची गणती नाहीं. आकार नाहीं म्हणजे उपयोग नाहीं, ही आम्हां कारकुनांची समजूत. ती चुकीची होती, हें आतां कबूल करणें भाग आहे.

हें येथें लिहिण्याचें कारण असें कीं, आपल्यापैकीं कित्येकांचीं भातखाचरें खारबंदिस्तीच्या आंत आहेत, आणि बांध पुढें सरकवून बाहेरचा गाळहि लागवडीखालीं आणावा, अशी भाषा वारंवार ऐकूं येते. फुटका बांध बांधावा, उघाडी दुरुस्त ठेवावी, त्यासाठीं सरकारदरबारीं भांडावें. त्यांत मी सर्वांच्या पुढें आहें. परंतु बाहेरचा गाळ घेऊं नये. उधाणाच्या लाटेचा जोर त्या उथळ गाळावर व तिवरांत मोडतो, मग पाणी बांधास लागतें. तो गाळ आंत घेतला कीं नवा बांध उघड्या लाटेसमोर उभा राहणार, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च नव्या खाचरांतील भातानें भरून निघेल असें मला वाटत नाहीं. शिवाय त्या दोन बायकांच्या टोपल्या रिकाम्या होतील, त्या कोणत्या जमाखर्चांत लिहावयाच्या? भरती-ओहोटीमधील पट्ट्यास १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून संरक्षण आहे, व २०११ च्या अधिसूचनेंत गाळाच्या मैदानांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कायदा चावडींत असतो आणि भराव रात्रीं पडतो.

सोसायटीच्या येत्या सभेंत बांधाचा विषय निघेल, तेव्हां दुरुस्तीचा ठराव अवश्य करावा व बांधाची रेषा आहे तेथेंच राहील, असें त्यांत लिहून घ्यावें, अशी माझी सूचना आहे.